तीन आण्यांचा प्रेक्षक

चित्रपटातले आम्हांस फार कळते असा आमचा दावा नाही. सवड झाली की पाहावे, आवडले तर चारचौघांना सांगावे, न आवडले तर विसरून जावे, इतपतच आमचे चित्रपटप्रेम. तरीही एका रूढ समजुतीविषयी लिहावेसे वाटते. आपल्या चित्रपटाचा इतिहास सांगताना असे म्हटले जाते, की आरंभीचा प्रेक्षक भाबडा होता. पडद्यावरच्या चमत्कारांना तो भुलला. पुढे 'संत तुकाराम'सारख्या कृतींनी त्याला खऱ्या अध्यात्माची गोडी लावली. आधी देखावा, मग भक्ती. मांडणी सुटसुटीत आहे खरी, पण तीत त्या प्रेक्षकावर अन्याय होतो.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. पुढे तो बाहेरगावी लावला, तेव्हाची एक आठवण सांगितली जाते. दोन आण्यांत रात्रभराचे नाटक पाहायला मिळत असताना, तासदीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार, असा तिथला सवाल होता. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली ती हजारो छायाचित्रांची आणि दोन मैल लांबीच्या चित्राची! मग गर्दी झाली. या गोष्टीत फाळक्यांचे चातुर्य सर्वांना दिसते. आम्हांस मात्र तो प्रेक्षकही दिसतो. पैशाचा हिशेब करणारा, घासाघीस करणारा हा माणूस भाबडा कसा म्हणावा?

याच प्रेक्षकाने 'लंकादहन' (१९१७) पाहताना राम पडद्यावर येताच साष्टांग नमस्कार घातले, अशी नोंद आहे. त्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. 'कालिया मर्दन'ची (१९१९) गोष्ट याहून बोलकी आहे. त्यात कृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी फाळके तिला साध्या वेशात समोर आणतात, तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवतात, आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. म्हणजे ही एक मुलगी आहे, हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकलेले. तरीही पुढे कृष्ण प्रकटला की लोक हात जोडीत. फसवणूक म्हणावी, तर ती उघड केल्यावरही नमस्कार थांबला नाही. दशावतारात नाहीतर लळितात शेजारच्याच माणसाला देवाच्या सोंगात पाहून हात जोडणाऱ्या आपल्या समाजाला यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. सोंग ठाऊक असणे आणि नमस्कार करणे, या दोहोंत त्याला विरोध दिसत नव्हता.

आता प्रभातच्या 'संत तुकाराम'कडे येऊ. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचा हा चित्रपट १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हा 'आध्यात्मिक' चित्रपट म्हणावा, तर त्यात चमत्कारांची वाण नाही: धान्याची रास वाढते, इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या परत येतात, शेवटी वैकुंठाचे विमान येते. देखावा संपून भक्ती सुरू झाली, असे इथे कुठे झाले? फरक आहे तो गौरीबाईंनी उभ्या केलेल्या जिजाईत. आजारी पोराला घेऊन, हातात वहाण घेऊन ती देवळात शिरते आणि विठ्ठलाला जाब विचारू पाहते. नवरा वैकुंठाला निघाला तरी तिला चूल आणि पोरे सुटत नाहीत. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम पाहून ज्यांचे डोळे मिटले असतील, त्यांचे डोळे जिजाईने पुन्हा उघडले असणार. घरात उद्याच्या भाकरीची विवंचना आहे, म्हणूनच विमान खरे वाटते.

आणखी एक गंमत. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद तुकोबांचाच अभंग आहे, असे भल्याभल्या जाणकारांना वाटले होते. तीन आण्यांच्या प्रेक्षकाने मुलीला कृष्ण मानले ते जाणून. जाणकारांनी आठवल्यांना तुकोबा मानले ते अजाणता. भाबडे कोणाला म्हणायचे ते वाचकांनीच ठरवावे.

'राजा हरिश्चंद्र'चा आज काही भागच शिल्लक आहे. त्या चित्रपटांविषयी साध्या प्रेक्षकाचे मत तर कोणी लिहूनही ठेवले नाही. त्याने ते दिले ते खिशातले नाणे काढून, हात जोडून, आणि पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन पुन्हा येऊन. चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या मताला अज्ञान न म्हणता पुरावा म्हणावे, एवढेच आमचे मागणे आहे.