तुपाचे थेंब आणि प्लेगचे जंतू

परळचा जुना गव्हर्नमेंट हाउस एका जंतूने रिकामा केला आणि दुसऱ्या जंतूने पुन्हा भरला. पोर्तुगीज अमलात तिथे पाद्र्यांचा मठ होता. पुढे इंग्रज गव्हर्नरांनी तो राहायला घेतला, दिवाणखाने सजवले, नाचाचे जलसे केले. १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचे नाव आहे, तेच हे फर्ग्युसन. त्यानंतर काही वर्षांतच गव्हर्नरांचा मुक्काम कायमचा मलबार हिलवर गेला. ओस पडलेल्या या वास्तूत १० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा सुरू झाली. तिचा कर्ता होता ओडेसात जन्मलेला एक ज्यू शास्त्रज्ञ, वाल्डेमार हाफकिन.

गोष्ट सुरू होते त्याआधी तीन वर्षे, मांडवीत. धान्याच्या वखारींचा, दाटीवाटीच्या चाळींचा हा भाग. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांना इथल्या एका रोग्याच्या तापात वेगळे काही दिसले. काखेत किंवा जांघेत गाठ, भयंकर ताप, भ्रम आणि चार-पाच दिवसांत मरण. हा प्लेग आहे, असे त्यांनी उघड सांगितले. मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले. लोक मात्र ‘प्लेग’च म्हणू लागले आणि गाठोडी बांधून पळू लागले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ साली ती ७,७६,००६ भरली.

शत्रू अनोळखी होता असे नाही. १८९४ साली हाँगकाँगला प्लेग पसरला, तेव्हा अलेक्झांडर यर्सिन याने रोग्यांच्या गाठींतून त्याचा जंतू वेगळा काढला होता. आखूड, जाडसर काडीसारखा हा जीव रंग दिला की दोन्ही टोकांना गडद दिसतो, मध्ये फिका. तो स्वतः हालचाल करत नाही. शरीरात शिरल्यावर जवळच्या लसिका ग्रंथीत ठाण मांडतो, ती सुजवतो आणि मग रक्तात उतरतो. फुफ्फुसात पोहोचला तर खोकल्यातूनही पसरतो. आज त्याला यर्सिनाच्याच नावाने ‘यर्सिनिया पेस्टिस’ म्हणतात.

जंतू सापडला होता, पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे मात्र सरकारला ठाऊक नव्हते. घाणीतून येत असावा, असे धरून गटारे धुतली गेली, घरांवर चुना आणि कार्बोलिक मारले गेले, छपरे उघडली गेली, रोगी ओढून इस्पितळात नेले गेले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला आणि झडतीला बळ मिळाले. पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले. त्या संतापातून २२ जूनला पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईला आला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळाली एक खोली आणि व्हरांडा. पटकीची लस त्याने आधीच तयार केली होती. आता त्याला प्लेगचे जंतू भरपूर वाढवायचे होते. युरोपात अशा वाढीसाठी गोमांसाचा रस वापरत. इथे ते चालणार नाही, हे ओळखून त्याने बोकडाचे मांस घेतले. रसाच्या वर त्याने तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना खालून चिकटले आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली वाढू लागले. बाटली हलवली की सुळके तुटून तळाशी बसत आणि वर नवे फुटत. अशा भरघोस पिकाला तासभर उष्णता देऊन तो जंतू मारत असे, त्यात थोडे कार्बोलिक घालत असे. मेलेल्या जंतूंनी शरीराला जिवंत जंतूंशी लढायचे शिकवावे, हा डाव.

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती दिली गेली. न टोचलेल्यांपेक्षा त्यांच्यात प्लेग खूपच कमी झाला. तरी शहरभर धास्ती होतीच. तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले आणि नंतर प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. तिथून ती परळला आली.

जंतू माणसापर्यंत येतो कसा, यातला मधला दुवा १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमोंला सापडला. प्लेगने मेलेल्या उंदराचे अंग गार पडले की पिसवा ते सोडून दुसरे ऊबदार शरीर शोधतात. त्या चावल्या की जंतू आत जातो. सुरुवातीला कोणी हे मानले नाही. पुढे परळच्याच प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि प्लेग कमिशनने ते पक्के केले. पिसवेच्या अन्नमार्गात जंतूंचा बोळा बसतो, ती भुकेली राहते आणि पुनःपुन्हा चावत सुटते. मग कळले की गटारे धुताना उंदीर उलट घराघरांत पांगले होते. महाराष्ट्रातली खेडी या बाबतीत सरकारच्या पुढे होती. घरात उंदीर पडू लागले की अख्खे गाव माळावर झोपड्या टाकून राहायला जाई.

हाफकिनचा घात मात्र दुसऱ्याच जंतूने केला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळ्यांना टोचलेली लस एकाच बाटलीतली होती. धनुर्वाताचा जंतू मातीत बीजाणू होऊन पडून राहतो आणि जिथे हवा नाही तिथे वाढतो. बाटली परळलाच दूषित झाली, कार्बोलिक वगळल्याने हे घडले, असा ठपका हाफकिनवर आला आणि तो भारत सोडून गेला. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. मुंबईपासून जंतू आत असते तर बाटलीला दुर्गंधी सुटली असती. उघडताना तशी ती नव्हती. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी हाफकिनची बाजू मांडली. १९०७ मध्ये तो भारतात परतला, पण परळला नव्हे, कलकत्त्याला. १९३० साली लोझानला तो वारला.

परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचे नाव मिळाले. नंतरच्या पिढीत सल्फाची औषधे आणि स्ट्रेप्टोमायसिन आले. वेळेवर दिले तर प्लेगचा रोगी वाचू लागला. जंतू मात्र रानातल्या उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये टिकून राहिला. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पुन्हा उंदीर पडले, पाठोपाठ माणसांच्या जांघेत गाठी आल्या. पुढच्याच महिन्यात सुरतेतून लोक पळू लागले.