फोर्क झाल्यावर डेटाबेस कनेक्शन नेमकं कोणाचं?

समजा, इंदापूर तालुक्यातल्या वरकुटे गावात दूध संकलन केंद्राचा हिशोब संगणकावर आहे. दहा दिवसांची बिलं लवकर निघावीत म्हणून प्रोग्राम स्वतःचीच एक प्रत सुरू करतो. लिनक्समध्ये याला 'फोर्क' म्हणतात. मूळ प्रोग्राम पॅरेंट प्रोसेस, प्रत ती चाइल्ड प्रोसेस. पॅरेंटने 12 नंबरच्या खात्याचे लिटर विचारले, त्याच वेळी चाइल्डने 47 नंबरचे. उत्तरं उलटीपालटी झाली तर एकाच्या दुधाचे पैसे दुसऱ्याला जातात, आणि स्क्रीनवर एररही दिसेल याची खात्री नाही.

असं का होतं? फोर्क करताना मेमरीची प्रत होते, पण उघडलेलं कनेक्शन एकच राहतं. दोघांच्या हातात तोच सॉकेट असतो. पूर्वी एका लँडलाइनवर वरच्या आणि खालच्या मजल्यावर दोन फोन असायचे, तसंच हे. पलीकडे दोघं बोलतायत हे डेटाबेसला कळत नाही. उत्तर आधी वाचेल त्याचं. कधी अर्धं एकाला, अर्धं दुसऱ्याला. पॅरेंटचं ट्रान्झॅक्शन अर्ध्यावर असताना चाइल्डने 'कमिट' पाठवलं, तर ते अर्धंच पक्कं होतं. कनेक्शन एन्क्रिप्टेड असेल तर दोघांचे हिशेब जुळेनासे होऊन ते बहुधा तुटतं. ते बरंच म्हणायचं, निदान चूक दिसते!

दुसरा घोळ काम संपताना होतो. चाइल्डने नुसता सॉकेट सोडला तर पॅरेंटचं काही बिघडत नाही. पण बाहेर पडताना लायब्ररीने सर्व्हरला 'संपलं' असा निरोप पाठवला, की पॅरेंटचंही कनेक्शन जातं. मायएसक्यूएलमधली 2006 क्रमांकाची 'सर्व्हर हॅज गॉन अवे' ही एरर अनेकदा अशीच येते.

एसक्यूलाइटमध्ये सर्व्हर नसतो, पण तिथेही उघडं कनेक्शन फोर्कपलीकडे नेऊ नये. डेटाबेसची फाइलच खराब होऊ शकते.

उपाय साधा आहे: आधी फोर्क, मग कनेक्शन, प्रत्येकाचं वेगळं. पायथॉनच्या एसक्यूएलअल्केमीत चाइल्डने जुना पूल 'डिस्पोज' करावा, मात्र 'क्लोज' फॉल्स ठेवून, म्हणजे पॅरेंटच्या कनेक्शनला धक्का लागत नाही. पर्लच्या डीबीआयमध्ये 'ऑटोइनॅक्टिव्हडिस्ट्रॉय' हा पर्याय आहे.

मात्र चाइल्ड वाढले की कनेक्शनही वाढतात. पोस्टग्रेसमध्ये मर्यादा सहसा 100 असते. गंमत म्हणजे लिनक्सवर पोस्टग्रेस स्वतःच येणाऱ्या प्रत्येक कनेक्शनसाठी एक चाइल्ड फोर्क करतं.