मॅट्रिकनंतरची वाट: पेण आणि रोह्याच्या विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्यांचा इतिहास

गावातील शिक्षणाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे शाळा कोणत्या साली निघाली, इमारतीस देणगी कोणी दिली आणि गावातला पहिला पदवीधर कोण, एवढ्या नोंदी झाल्या की लेखणी सहसा थांबते. परंतु शाळेची शेवटची परीक्षा आणि पुढचे पाऊल यांच्यामध्ये जे दोन-तीन महिने असतात, ज्या महिन्यांत मुलाने कोणत्या शहरी जावे, कोणता विषय घ्यावा, खर्च कोणी सोसावा, की शिक्षण तेथेच आवरून एखाद्या कचेरीत उमेदवारी पत्करावी, या सर्वांचा निकाल लागतो, त्या महिन्यांची नोंद कोणी ठेवलेली नाही. वास्तविक पाहता कित्येक आयुष्यांना वळण मिळाले ते त्याच दिवसांत, आणि बहुधा कोणा जाणत्या माणसाच्या दोन शब्दांवरून. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपुरता तरी हा इतिहास जुळवून पाहावा, या हेतूने हे लेखन करीत आहे.

आज रायगड म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने सरकारदफ्तरी नोंदलेला होता. भोगावतीकाठचे पेण हे तांदूळ, मीठ आणि गणपतीच्या मूर्ती यांचे गाव, तर कुंडलिकेकाठचे रोहा हे भातशेतीच्या मुलखातील बाजारपेठेचे आणि तालुका कचेरीचे ठिकाण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील मुलापुढे वाटा मोजक्याच होत्या. मराठी शाळेची अखेरची परीक्षा उतरली की तलाठी, प्राथमिक शिक्षक किंवा कारकून होता येई, आणि घरच्यांच्या दृष्टीने शिक्षणाचे सार्थक तेथेच होई. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि पहिले चार पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले. परंतु या विद्यापीठाची दारे खाडीपलीकडे होती. इंग्रजी शिक्षण पुरे करावयाचे तर मुंबई, नाही तर पुणे. पेणच्या मुलाने धरमतर गाठावे, रोह्याच्या मुलाने नागोठण्याच्या किंवा धरमतरच्या बंदरावर यावे, आणि तेथून बोटीने मुंबईस जावे, हा परिपाठ पुढे कित्येक वर्षे चालला.

बोटीचे भाडे जुळविता येई. मुंबईत उतरल्यावर जायचे कोठे, हा प्रश्न त्याहून कठीण असे. त्याचे उत्तर ज्याच्या घरी होते त्याचाच मुलगा पुढे शिकला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. गिरगावातल्या एखाद्या चाळीत दोन खोल्यांत राहणारे चुलते, मुलकी खात्यात लागलेले मामा, किंवा गावच्या वकिलांचा कॉलेजात शिकणारा थोरला मुलगा, हेच त्या काळचे मार्गदर्शक होत. त्यांच्याकडून पोस्टकार्ड येई आणि तेवढ्या चतकोर जागेत सगळे असे: अमुक तारखेच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे, हेडमास्तरांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला घ्यावा, फीमाफीसाठी स्वतंत्र अर्ज करावा, जेवणाची सोय लागेपर्यंत आमच्याकडे उतरावे, येताना तांदूळ आणावेत. ते कार्ड ओटीवर मोठ्याने वाचले जाई, शेजारचे ऐकावयास येत, आणि मग ट्रंकेत धोतरजोड्यांखाली तांदळाची पुरचुंडी, पोहे आणि पापड भरले जात. ज्यांचे असे कोणी नव्हते त्यांना पुण्यात माधुकरी मागावी लागे किंवा वार लावून जेवावे लागे. १९०९ मध्ये तेथे अनाथ विद्यार्थी गृह निघाले ते अशाच मुलांची आबाळ पाहून.

या परंपरेचे सर्वांत तेजस्वी फळ म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. त्यांचा जन्म १८९६ मध्ये रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी झाला. वडील रोह्यास वकिली करीत, आणि चिंतामणरावांचे बालपणही तेथेच गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजातून त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी घेतली, वनस्पतिशास्त्रातील पारितोषिक मिळविले, आणि १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही प्रथम क्रमांक पटकावला. बुद्धी असामान्य होतीच. पण त्या बुद्धीला विद्यापीठ म्हणजे काय, शिष्यवृत्ती कशी मिळते आणि विलायतेची वाट कोठून जाते, हे जाणणारे घर लाभले होते, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही.

आणि एवढे सारे हाती आल्यावरही चिंतामणरावांना सल्ल्याची गरज भासली, हे या इतिहासातले मला सर्वांत महत्त्वाचे पान वाटते. लोकमान्य टिळक त्या सुमारास लंडनमध्ये होते. परकीय सरकारची चाकरी करावी की ती सोडून देशकार्यात पडावे, या विवंचनेत असलेला हा तरुण त्यांना जाऊन भेटला. सरकारच्या दडपशाहीचा सर्वांत कडू अनुभव घेतलेल्या त्या पुरुषाने चाकरी सोडू नये, उद्याच्या स्वतंत्र राज्याला कारभाराचा अनुभव असलेली माणसे लागतील, अशा आशयाचा सल्ला दिला. तो सल्ला कसा फळाला आला हे सर्वविश्रुत आहे: १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ केंद्रीय अर्थमंत्री, आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष. खऱ्या मार्गदर्शकाने आपल्या जीवनाची वाट दुसऱ्यावर लादावयाची नसते. समोरच्याचा पिंड आणि काळाची गरज ओळखून बोलावयाचे असते, याचा याहून मोठा दाखला दुसरा नसेल.

त्याच मातीत निराळी उदाहरणेही झाली. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा भावे यांचे शालेय शिक्षण पुढे बडोद्यास झाले, आणि १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले असताना ते सुरतेस उतरून काशीस गेले. रोह्यात १९२० मध्ये जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांच्यासाठी आजोबांनी घरीच स्वतंत्र विद्याभ्यासाची योजना केली. विद्यापीठाची पायरी सोडणे हाही एक निर्णय असू शकतो, हे या दोघांनी दाखविले. मात्र दोघांनाही आपण काय सोडीत आहोत याची पुरती कल्पना होती. ज्याला वाट ठाऊक आहे त्याने ती नाकारणे वेगळे आणि ज्याला ती कोणी सांगितलीच नाही त्याने मागे राहणे वेगळे.

मागे राहिलेल्यांची संख्याच मोठी होती. कुलाब्यात खोती पद्धती होती. कुळे पिढ्यानुपिढ्या सावकार आणि खोत यांच्या वहीत अडकलेली. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला चरीचा शेतकरी संप काही वर्षे चालला तो याच अन्यायाविरुद्ध. आगरी कुळाच्या किंवा कातकरी मजुराच्या घरी शहरातून पोस्टकार्ड पाठविणार कोण? महाडला १९२७ मध्ये पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला त्या समाजाच्या मुलांना तर शाळेच्या वर्गातही सर्वांबरोबर बसणे मुश्कील होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेमार्फत वसतिगृहाचे काम हाती घेतले आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, त्यामागे हीच जाणीव होती: ज्याचा चुलता गिरगावात नाही त्याला संस्थेनेच आधार दिला पाहिजे. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना अल्प उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळू लागली, आणि उत्पन्नाचा दाखला काढण्यासाठी मामलेदार कचेरीच्या ओट्यावर प्रथमच अशी माणसे बसलेली दिसू लागली, जी तोवर केवळ जमाबंदीच्या कामासाठी तेथे येत असत.

मार्गदर्शन हे शास्त्र आहे आणि ते शाळेचे कर्तव्य आहे, हा विचारही याच सुमारास रुजू लागला. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ मध्ये आणि मुंबई सरकारने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाची केंद्रे उघडली. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) शाळांतून मार्गदर्शनाची व्यवस्था असावी, त्यासाठी शिक्षक तयार करावेत, अशी शिफारस केली, आणि अशा शिक्षकाला ‘करिअर मास्टर’ असे नावही मिळाले. तालुक्याच्या गावी ही व्यवस्था कधी पुरी पोहोचली नाही; तेथे ते काम गणिताच्या, इंग्रजीच्या सरांनी आपणहून केले. निकालाच्या दिवशी गुणपत्रक हातात घेऊन घरी आलेल्या मुलाला बसवून घेणारा आणि त्याच्या वडिलांना ‘याला आत्ता शेतावर नेऊ नका’ असे विनविणारा शिक्षक ज्या गावाला लाभला, त्या गावाने त्याचे उपकार मानावेत.

दरम्यान महाविद्यालयेच जवळ आली. १९६१ मध्ये अलिबागेस जनता शिक्षण मंडळाचे महाविद्यालय निघाले. कालांतराने पेणला भाऊसाहेब नेने यांच्या नावाचे आणि रोह्यात चिंतामणरावांच्याच नावाचे महाविद्यालय उभे राहिले. १९७५ मध्ये जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा आली आणि त्यामागून बारावी. रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखाने निघाल्यावर रसायनशास्त्राच्या पदवीला आणि आय.टी.आय.च्या प्रमाणपत्राला गावातच किंमत आली. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली. १९८९ मध्ये लोणेऱ्यास तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. एका पिढीपूर्वी ज्यांना खाडी ओलांडावी लागे त्यांची मुले सायंकाळी घरी जेवावयास येऊ लागली.

तरीही अडचण संपली नाही. तिचे रूप तेवढे पालटले. आजचा पेणचा बारावीचा विद्यार्थी जून महिन्यात शाळेच्या कार्यालयात उभा असतो तेव्हा त्याच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये काय काय असते ते पाहावे: शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, सी.ई.टी.चे गुणपत्रक. यांपैकी एखादा कागद सेतू केंद्रात अडकला की प्रवेशाची फेरी निघून जाते. वैधतेसाठी पूर्वजांच्या जुन्या महसुली किंवा शाळेच्या नोंदी लागतात, आणि ज्याचा आजा कधी शाळेत गेला नाही, ज्याच्या नावे सातबारा कधी नव्हता, त्या कातकरी मुलाला हा पुरावा आणावयाचा कोठून, हे अर्जात लिहिलेले नसते. शिवाय हेच दिवस हमरापूर-जोह्याच्या मूर्तिशाळांत अहोरात्र कामाचे. गणपती तोंडावर आलेले असताना रंगकामाला बसलेला हात मोकळा करून मुलाला अर्जासाठी पाठविणे कारखानदाराच्या घरालाही जड जाते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. कोणती महाविद्यालये कोणत्या क्रमाने भरावीत, यावर सारे अवलंबून असते, आणि तो क्रम यंत्र सुचवीत नाही.

माहिती आता सर्वांना खुली आहे, तेव्हा सल्ला देणाऱ्याची आवश्यकता काय, असे पुष्कळ जण म्हणतात. या दोन तालुक्यांचा दीडशे वर्षांचा अनुभव त्याच्या उलट साक्ष देतो. गिरगावच्या पोस्टकार्डात तारीख आणि फी यांच्या जोडीला ‘आमच्याकडे उतरावे’ हे वाक्य होते, आणि मूल घराबाहेर पडत असे ते त्या वाक्याच्या भरवशावर. आजच्या संकेतस्थळांनी पहिला भाग घेतला. दुसरा अद्याप माणसाकडेच आहे. पूर्वी तो ज्याच्या त्याच्या नात्यागोत्यावर सोडलेला होता, म्हणून वकिलाचा मुलगा केंब्रिजला गेला आणि त्याच रोह्यातला कुळाचा मुलगा नांगराशी राहिला. हा अन्याय कायद्यांनी आणि फीमाफीने बराचसा कमी केला. उरलेला कमी करावयाचा तर प्रत्येक माध्यमिक शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात एक तरी प्रशिक्षित शिक्षक, ज्याच्या वेळापत्रकात या कामासाठी तास राखून ठेवलेले आहेत असा, नेमला गेला पाहिजे. बारावीच्या आधीच, नववी-दहावीपासून, त्याने वैधतेचे कागद तपासावेत, मुलाचा कल पाहावा, पालकांना बोलावून घ्यावे. गावातून बाहेर पडून स्थिरावलेल्यांनीही वर्षातून एक सुट्टी या कामासाठी शाळेला द्यावी, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाला केव्हा तरी कोणी तरी वाट दाखविली होती, आणि हे ऋण फिटते ते पुढच्याला वाट दाखवूनच.