घोड्याचा दाणा, गाडीचे ऑइल

बऱ्हाणपूरच्या इतिहासावर लिहायला बसले की लेखणी आपसूक मुमताजमहलकडे, शाही किल्ल्यातल्या हमामखान्याकडे, नाही तर असीरगडाकडे वळते. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे आणि पुढेही होईल. मी यंदा निवडलेला विषय ऐकून आमच्या घरातच हसू पिकले: मोटारसायकलची निगा आणि तिचा खर्च. पण ज्या गावात दूधवाला, केळीचा आडत्या, पॉवरलूमवरचा कारागीर आणि शाळामास्तर असे सगळेच दुचाकीवर स्वार आहेत, तिथे हा विषय इतिहासाबाहेरचा कसा म्हणावा? वाहनाची किंमत माणूस एकदा देतो, निगेची किंमत देतच राहतो. आणि ही दुसरी किंमत कोणाच्या अंगावर पडते यावरून त्या त्या काळाचा बराच अंदाज येतो.

1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील मोहिमांचे ठाणे बनले. मनसबदाराला पगार मिळे तो ठरावीक घोडेस्वार बाळगण्यासाठी. मंडळी घोडे कागदावर दाखवून पैसे उचलत, म्हणून अकबराने घोड्यांना डाग देऊन हजेरी घेण्याची पद्धत सक्तीची केली होती. पुढे तर शाही तबेल्यांतील जनावरांच्या वैरणीसाठी मनसबदारांच्या पगारातून रक्कम कापली जाई. तिला 'खुराक-ए-दवाब' म्हणत. हत्ती बादशहाचा, चारा सरदाराचा! 1630 ते 1632 या काळात गुजरात-खानदेशात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा शाहजहानची छावणी इथेच होती. माणसाला भाकर नाही तिथे घोड्याला दाणा कोठून येणार? इतिहासाच्या पुस्तकात त्या वर्षांपैकी आपल्याला आठवतो तो 1631 मधला मुमताजमहलचा मृत्यू तेवढा.

मराठ्यांनी हा प्रश्न दोन शब्दांत सोडवला होता. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे तो शिलेदार. शिलेदाराचा मान मोठा, पगार मोठा, पण घोडा लंगडला तर भुर्दंड त्याचाच. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, तेव्हा या रस्त्यांवरून दोन्ही जातीचे स्वार गेले असतील. इंग्रजांनी आपल्या घोडदळात हीच शिलेदारी उचलली, नावासकट. त्यांच्या पलटणीत स्वारांकडून वर्गणी घेऊन एक फंड ठेवत, त्याला 'चंदा' म्हणत. घोडा मेला की त्यातून दुसरा घेता येई. विम्याचा हप्ता तो हाच, नुसते नाव निराळे. पहिल्या महायुद्धात दूरच्या आघाडीवर जनावरे पटापट मरू लागली, तेव्हा हा हिशेब कोसळला आणि युद्धानंतर ती पद्धत बंद झाली.

घोडा गेला, सायकल आली. सायकलीच्या खर्चाविषयी लिहिण्याजोगे फार नाही. पंक्चर, चेन, बेअरिंगच्या गोळ्या, संपले.

मोटारसायकल म्हणजे पुन्हा घोडा. पंचावन्न सालापासून मद्रासेत बुलेट बनू लागली, साठीच्या सुरुवातीला म्हैसूरला जावा आणि फरीदाबादेत एस्कॉर्टची राजदूत. जावाची पुढे येझदी झाली. बुलेट सोडली तर बाकीच्या टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे, लिटरमागे साधारण 40-50 मिलिलिटर. ते ऑइल पेट्रोलबरोबर जळे आणि त्याची काजळी सायलेन्सरात, पिस्टनच्या डोक्यावर, प्लगवर बसे. मग गाडी 'उठत नाही', 'मिसिंग करते'. उपाय मोठा सोपा: प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, पॉइंटचा गॅप नीट करायचा, सायलेन्सरच्या आतली नळी काढून आगीत टाकायची आणि काजळी झाडायची. यात पैसा थोडा लागे, वेळ मात्र अख्खा रविवार. घराघरांत दहा-अकराचा आणि बारा-तेराचा पाना असे, आणि मोठ्या मुलाचे हात काळे असत. खर्च नव्हता असे नाही. तो घरच्या अंगमेहनतीत जिरत होता, म्हणून वहीत दिसत नव्हता.

घरी न जमणारे काम मिस्त्रीकडे. आमच्याकडचा मिस्त्री बहुधा उर्दू-हिंदी बोलणारा, गिऱ्हाईक मराठी किंवा निमाडी, आणि तक्रार तिन्हींच्या खिचडीत. "टॅपेट वाजतंय, जरा देख लो" या वाक्याचे व्याकरण कोणत्या शाळेत शिकवतात कोण जाणे, पण गॅरेजात ते अचूक समजते. मिस्त्री किक मारून कान देई आणि आवाजावरून दुखणे सांगे. ही विद्या वहीत नव्हती. पोऱ्या म्हणून लागलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती पाने पुसता पुसता मिळे. त्या मुलाची शाळा सुटलेली असे, हाही त्या स्वस्त दुरुस्तीचाच एक खर्च होता. तो गाडीमालकाने दिला नाही.

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. चार स्ट्रोकची, शंभर सीसीची. तिची जाहिरातच अशी की पेट्रोल भरा आणि विसरून जा. लोकांनी ते जरा जास्तच मनावर घेतले. चार स्ट्रोकच्या गाडीत ऑइल पेट्रोलात जात नाही, इंजिनाच्या पोटात लिटरभर राहते आणि तेच पुन्हा पुन्हा फिरते. राजदूतवाल्याला ऑइल विसरणे शक्यच नव्हते. पेट्रोल भरताना मागावे लागे. इथे ते डोळ्याआड गेले. काळे, पातळ झालेले ऑइल बदलले नाही तरी गाडी चालते, चालत राहते, आणि आतून झिजते. मग एके दिवशी निळसर धूर निघतो. रिंगा गेलेल्या असतात, बोअर झिजलेला असतो. लेथवर बोअर मोठा करून पाव मिलिमीटर जास्तीचा पिस्टन टाकतात. पुढच्या वेळी अर्धा, मग पाऊण, मग एक. तिथे सिलिंडरची पुंजी संपते आणि नवा स्लीव्ह नाही तर नवा ब्लॉक. तीन-चारशे रुपयांची ऑइलची बाटली वाचवण्यासाठी लोक काही हजारांचे इंजिनकाम ओढवून घेतात, हे मी आमच्याच गल्लीत इतक्या वेळा पाहिले आहे की आता सांगायचेही सोडून दिले आहे.

पण सगळा दोष आळसाला देणे मला पटत नाही. घरोघर पार्सले पोचवणाऱ्या मुलाचा हिशेब मांडून पाहा. रोज 80 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 2,000 किलोमीटर. लिटरला 50 चे अॅव्हरेज धरले तर 40 लिटर पेट्रोल. शंभराच्या वरच्या भावाने चार हजारांहून जास्त. वर्षाला 24,000 किलोमीटर झाले. महिन्याला 500 किलोमीटर फिरणाऱ्या संसारी माणसाची गाडी चार वर्षांत जितकी चालते, तितकी याची एका वर्षात. दर 3,000 किलोमीटरला ऑइल म्हणजे वर्षातून आठ वेळा. शिवाय चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, टायर. पेट्रोल आज भरले नाही तर आजची रोजी बुडते. ऑइल पुढच्या आठवड्यावर ढकलता येते. त्यामुळे ढकलले जाते ते ऑइलच. हा मुलगा शिलेदार आहे. गाडी त्याची, झीज त्याची, काम मात्र दुसऱ्याचे. त्यातून गाडी हप्त्यावर असेल, आणि बहुतेकदा असते, तर आरसी बुकावर फायनान्सवाल्याचा बोजा. घोडा सावकाराचा, दाणा स्वतःचा: अशा स्वाराला जुन्या दप्तरात नावच नाही.

सरकारी बाजूने थोडा दिलासा मिळाला आहे, तोही नोंदवला पाहिजे. 2003 मध्ये 15 ऑगस्टला बऱ्हाणपूरचा वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आपण खंडव्याच्या जिल्ह्यात होतो आणि गाड्यांवर एमपी-12 असे, आता एमपी-68 आहे. सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला.

खरा फेरबदल मात्र 1 एप्रिल 2020 चा. बीएस-6 चे नियम लागू झाले आणि साध्या गाड्यांतूनही कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले. धूर कमी झाला, हे उत्तमच. पण आता गाडी बंद पडली की मिस्त्रीचा कान पुरत नाही. स्कॅनर जोडून आत कोणता सेन्सर बोलत नाही ते पाहावे लागते. पंप किंवा सेन्सर गेला तर तो घासून-पुसून चालू होत नाही, बदलावाच लागतो. काही मिस्त्रींनी स्कॅनर घेतले आहेत, आणि त्यावर येणारे इंग्रजी वाचायला पोऱ्या आता दहावी शिकलेला हवा, असे ते म्हणतात. बाकीचे जुन्या गाड्यांवर पोट भरतात. गिऱ्हाईकेही जुनी गाडी घेताना मॉडेल विचारत नाहीत, 'कार्बोरेटरवाली आहे ना' एवढेच विचारतात. खाजगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. म्हणजे मार्च 2020 मध्ये नोंदलेल्या शेवटच्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांची मुदत मार्च 2035 मध्ये संपेल. त्यानंतर तपासणी करून घेऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते, गाडी तोवर टिकली तर.