जंतूच्या पोटांतलें घड्याळ

यंत्र समजून घ्यावयाचें तर तें उकलून पाहावें, असें म्हणतात. परंतु उकललेलें यंत्र पुन्हां जोडून चालवितां आलें, तरच तें खरोखर समजलें, हें कोणताहि घड्याळजी सांगेल.

जीवशास्त्रानें विसाव्या शतकांत उकलण्याचें काम पुष्कळ केलें. १९६१ सालीं फ्रांस्वा जाकोब व जाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, कांहीं जनुकांचें कामच दुसऱ्या जनुकांना गप्प बसविण्याचें असतें, आणि पेशीचा कारभार अशा चालू-बंद होणाऱ्या कळांवर चालतो. मात्र अशा कळा स्वतः जोडून, निसर्गांत नसलेलें यंत्र जिवंत पेशींत चालविण्यास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. आणि त्यांत पुढाकार घेणारे दोघे अद्याप विद्यार्थीच होते.

त्यांपैकीं मायकेल एलोवित्झ हे मूळचे पदार्थविज्ञानाचे. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांत स्तानिस्लास लाइब्लर यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं जंतूच्या पेशींत घड्याळ बसविण्याचें काम हातीं घेतलें. रचना कल्पनेस सोपी होती. एका घरांत तिघी जावा आहेत. थोरली बोलूं लागली कीं मधली गप्प बसते, मधली बोलूं लागली कीं धाकटी, आणि धाकटीनें आवाज चढविला कीं थोरली! अशा घरांत बोलण्याची पाळी एकसारखी फिरत राहते. एलोवित्झ यांनीं तीन दमनकारी जनुकें याच रीतीनें एका चक्रांत गुंफून ‘ई. कोलाय’ या आंतड्यांतील जंतूंत घातलीं. चक्राची गति डोळ्यांना दिसावी म्हणून हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचें जनुकहि जोडीस दिलें.

सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी आळीपाळीनें उजळूं व मावळूं लागल्या. एका आवर्तनास सुमारें १६० मिनिटें लागत. पेशीचें विभाजन मात्र ५० ते ७० मिनिटांतच होई. म्हणजे एक फेरा पुरा होण्यापूर्वीच मुली व नाती जन्मास येत, आणि तरीहि ताल पुढील पिढीकडे जाई.

परंतु शंभरांपैकीं सुमारें चाळीस पेशींतच हें घड्याळ चाले. एकाच पेशीपासून झालेल्या बहिणींचीं घड्याळेंहि लवकरच मागेंपुढें होत. उत्तम चाललेल्या पेशींचेंच चित्र पुढें करावें, असा मोह कोणाहि विद्यार्थ्यास व्हावा, असा हा प्रसंग. एलोवित्झ व लाइब्लर यांनीं हा दोष आंकड्यांसह निबंधांत नमूद केला. तो ‘नेचर’ पत्राच्या २० जानेवारी २००० च्या अंकांत प्रसिद्ध झाला. त्याच अंकांत बोस्टन विद्यापीठांतील विद्यार्थी तिमथी गार्डनर यांनीं, चार्ल्स कँटर व जेम्स कॉलिन्स यांच्यासह, परस्परांस दाबणारीं दोन जनुकें जोडून एक कळ बनविल्याचें जाहीर केलें. एकदां फिरविली कीं ती त्याच बाजूस राही. या दोन निबंधांपासून आजच्या संश्लेषी जीवशास्त्राचा आरंभ मानण्याची प्रथा आहे.

पुढें त्या दोषांतूनच नवें ज्ञान निघालें. २००२ सालीं एलोवित्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकाच पेशींत, एकाच रीतीनें नियंत्रित होणारीं पण निराळ्या रंगांत चमकणारीं दोन जनुकें घातलीं. सर्व नियमानें चालतें तर दोन्ही रंग सारखे उमटते. ते कमीअधिक उमटले. पेशींत कांहीं रेणूंची संख्या इतकी थोडी असते कीं त्यांच्या कार्यांत यदृच्छेचा वांटा राहतोच. तो वांटा आतां मोजतां आला.

२००३ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेंत विद्यार्थ्यांनीं लुकलुकणाऱ्या पेशींचे आराखडे आंखले. पुढल्याच वर्षीं पांच संघांची स्पर्धा भरली, आणि तिचें रूप पुढें आंतरराष्ट्रीय झालें. २०१६ सालीं हार्वर्ड येथें योहान पाउल्सन यांच्या प्रयोगशाळेंत मूळ घड्याळांतील कांहीं भाग काढून व कांहीं बदलून त्याचा ताल अनेक पिढ्यांपर्यंत नियमित करण्यांत आला. हें घड्याळ सुधारण्याचा मार्ग मात्र सोळा वर्षांपूर्वींच मोकळा झाला होता, कारण तें कोठें चुकतें हें त्याच्या कर्त्यांनींच लिहून ठेविलें होतें.