औषध घेऊन येणारा विषाणू : डॉ. जेम्स विल्सन यांची गोष्ट

2021 साली महाराष्ट्रातल्या तान्ह्या बाळांसाठी लोकवर्गणीतून 16 कोटींचं इंजेक्शन आणल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. कदाचित तुम्हीही त्यात शंभर-दोनशे रुपये घातले असतील. एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरचं हे औषध म्हणजे झोलजेन्स्मा. त्या बाटलीत काय असतं, ठाऊक आहे? चक्क एक विषाणू! तो विषाणू डॉ. जेम्स विल्सन यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत सापडला. पण त्याआधी एका अठरा वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता.

विषाणूच का?

पेशीत शिरायचं आणि आपली जनुकं तिथे सोडायची, हे विषाणूला फार चांगलं जमतं. त्याची स्वतःची जनुकं काढून त्या जागी रुग्णाला हवं असलेलं चांगलं जनुक भरलं, तर तोच विषाणू औषध पोचवणारा हमाल होतो. अशा विषाणूला 'वाहक' म्हणतात.

1992 मध्ये मिशिगन विद्यापीठात विल्सन यांनी आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या रुग्णांवर हा विचार वापरून पाहिला. यकृताचा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशींत विषाणूमार्फत जनुक घालायचं आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या. फायदा मर्यादित होता. पुढच्या वर्षी ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले आणि सर्दी-खोकला करणाऱ्या ॲडिनोव्हायरसकडे वळले. तो थेट शरीरात दिला तरी यकृतापर्यंत पोचतो.

सप्टेंबर 1999

ओटीसी या विकराच्या कमतरतेत प्रथिनं पचल्यावर तयार होणारा अमोनिया रक्तात साठतो. जेसी गेल्सिंगरला हा आजार सौम्य होता. पथ्य आणि गोळ्यांवर तो ठीक होता. या चाचणीत त्याचा स्वतःचा टिकाऊ फायदा होणार नव्हता. पुढे अशा बाळांना उपयोग होईल, म्हणून तो तयार झाला. 13 सप्टेंबरला यकृताच्या धमनीत वाहक सोडला. त्याच्या प्रतिकारशक्तीने वाहकावर प्रचंड हल्ला चढवला, एकेक अवयव निकामी झाला आणि 17 सप्टेंबरला जेसी गेला.

चौकशीत गंभीर गोष्टी पुढे आल्या. त्याचा अमोनिया ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होता. आधीच्या रुग्णांमधले गंभीर दुष्परिणाम एफडीएला वेळेवर कळवले नव्हते. माकडं दगावल्याचा उल्लेख संमतीपत्रात नव्हता. शिवाय विल्सन यांनी स्थापन केलेल्या कंपनीत त्यांचं आर्थिक हित गुंतलेलं होतं. एफडीएने संस्थेच्या चाचण्या थांबवल्या. 2005 च्या तडजोडीनुसार विल्सन यांच्यावर मानवी चाचण्यांबाबत अनेक वर्षांचे निर्बंध आले.

दुसरा वाहक

विल्सन प्रयोगशाळेत परतले. आता त्यांना शरीराला कमी चिथावणारा वाहक हवा होता. एएव्ही हा चिमुकला विषाणू 1965 मध्ये ॲडिनोव्हायरसच्या नमुन्यात सापडला होता. एकट्याने त्याची वाढ होत नाही आणि त्याच्यामुळे माणसाला कुठला आजार होतो असं आढळलेलं नाही. विल्सन आणि त्यांचे सहकारी ग्वांगपिंग गाओ यांनी माकडांच्या आणि माणसांच्या ऊतींमध्ये त्याचे नवे प्रकार शोधले. 2002 मध्ये एएव्ही-8 आणि 2004 मध्ये एएव्ही-9 प्रसिद्ध झाले. शिरेतून दिलेला एएव्ही-9 मज्जारज्जूतल्या चेतापेशींपर्यंत पोचतो, हे पुढे इतर संशोधकांनी दाखवलं. म्हणूनच 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या झोलजेन्स्मात तो वापरला आहे.

मग हा वाहक पूर्ण निर्धोक का? नाही. 2018 मध्ये विल्सन यांच्याच गटाने सांगितलं, की फार मोठ्या मात्रेत एएव्ही दिल्यावर माकडं आणि डुकराच्या पिल्लांमध्ये गंभीर विषबाधा दिसली. स्वतःच्या क्षेत्राला न रुचणारी ही गोष्ट त्यांनी वेळेवर, उघडपणे मांडली. 1999 मध्ये नेमकं हेच राहून गेलं होतं.

तुमच्यासाठी

उद्या तुमच्यापुढे किंवा घरातल्या कुणापुढे एखाद्या चाचणीचं संमतीपत्र आलं, तर सही करण्याआधी चार प्रश्न जरूर विचारा. याचा फायदा मला होणार आहे की पुढच्या रुग्णांना? आधीच्या रुग्णांना आणि प्राण्यांना काय त्रास झाला? यात डॉक्टरांचा काही आर्थिक संबंध आहे का? मी मधेच बाहेर पडू शकतो का? हे विचारताना संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे, आणि उत्तर देणं हे आम्हा डॉक्टरांचं काम आहे.