भिंतीआडची माणसं आणि साथीची लस

साथ आली की मागोमाग लस येते, हे आता आपल्या अंगवळणी पडलंय. पण ती लस आधी कुणाला टोचून पाहिली, आणि कुणाला पाहिलीच नाही, हे आपण फारसं विचारत नाही. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

सुरुवात मुंबईपासून, कारण आपल्या कोकणातली माणसं तेव्हाही पोटासाठी तिथेच होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. थोड्याच महिन्यांत शहर रिकामं व्हायला लागलं. गिरणीतले कामगार बोचकी उचलून गावाकडे निघाले. २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या हायवेवरून चालत आलेले चाकरमानी तुम्ही पाहिलेत, म्हणजे ते चित्र वेगळं सांगायला नको.

सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. तीही पुढे लोकांना देणार होते त्याच्या कितीतरी पट जास्त. माणूस धाडसाचा होता, यात वाद नाही.

पण एका माणसाने टोचून घेतल्याने लस चालते की नाही, हे कळत नाही. ते कळायला दोन गट लागतात: एक लस घेतलेला, एक न घेतलेला, आणि दोघांचं खाणंपिणं, राहणं सारखं. पळापळ चाललेल्या शहरात असे गट कुठे मिळणार? ते तुरुंगात मिळाले. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला होता. तिथले साधारण निम्मे कैदी लस घ्यायला तयार झाले, बाकीचे तसेच राहिले. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले, त्यातले ६ गेले. लस घेतलेल्यांत आजारी पडले २, गेलं कुणीच नाही. वर्षभराने उमरखाडीच्या तुरुंगातही निम्म्यांना लस देऊन असंच पाहिलं गेलं आणि उत्तर तेच आलं.

या आकड्यांनी पुढे पुष्कळांचे जीव वाचवले. परळची ती प्रयोगशाळा आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून आपल्याला माहीत आहे. तरी आम्हांला एक गोष्ट टोचते. कैदी ‘हो’ म्हणाले असं कागदावर आहे. पण दार बाहेरून बंद, आत प्लेग, समोर साहेब उभा. त्या ‘हो’ला किती वजन द्यायचं?

आता सव्वाशे वर्षं पुढे येऊ. कोरोनाच्या वेळी भिंतीआड बसलेली माणसं होती ती वृद्धाश्रमातली, अंथरुणाला खिळलेली. या वेळी उलटं झालं. साथ सगळ्यात आधी त्यांच्या खोलीत शिरली, आणि लसीच्या चाचण्यांत त्यांना जवळजवळ कुणी धरलंच नाही.

साथ कशी शिरली, ते अमेरिकेत सिएटलच्या परिसरातल्या एका शुश्रूषाकेंद्रात मार्च २०२० मध्ये दिसलं. तिथल्या ७६ वृद्धांची तपासणी केली, तर ४८ जणांना लागण झालेली निघाली. त्यातल्या २७ जणांना तपासणीच्या दिवशी कसलंही लक्षण नव्हतं. ताप मोजून आजारी वेगळे काढायचे, ही रीत तिथे कुचकामी ठरली. म्हातारपणी शरीर ताप दाखवेलच असं नाही. आजी जेवत नाही, एकदम बरळायला लागली, उठताना पडली, एवढंच दिसतं. ‘वयच झालंय तिचं’ म्हणून आपण ते सोडून देतो. हे मात्र सोडू नका.

आणि चाचण्या? आपल्या कोव्हॅक्सिनच्या मोठ्या चाचणीत जवळपास २५,८०० माणसं होती. साठीच्या पुढची त्यात दहात एक. तीही केंद्रावर येऊ शकणारी. अमेरिकेत १ डिसेंबर २०२० रोजी सल्लागार समितीने शुश्रूषाकेंद्रातल्या वृद्धांना पहिल्या रांगेत घ्यायचं ठरवलं, तेव्हा १३ मतं बाजूने आणि एक विरोधात पडलं. विरोध करणाऱ्या डॉक्टरबाईंचं म्हणणं असं की, या माणसांवर लस तपासलेलीच नाही, मग ती त्यांना मानवेल हे कशावरून सांगायचं? पुढे लसीने त्यांना मोठा आधार दिला. तरी प्रश्न योग्य होता, असं आम्हांला वाटतं. ज्यांना धोका सर्वांत जास्त, त्यांच्याबद्दलची माहिती सर्वांत कमी.

आपल्याकडे १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. वृद्धाश्रमांचा वेगळा गट पहिल्या यादीत नव्हता. त्यातून ओळखपत्र हवं, मोबाइल हवा. ज्यांच्याकडे ओळखपत्र नाही त्यांच्यासाठी मे महिन्यात केंद्राने वेगळे नियम काढले. त्यात साधू, भटके, कैदी यांच्याबरोबर वृद्धाश्रमातल्यांचं नाव आलं. अंथरुणावरच्यांना घरी जाऊन लस द्यायला मुंबईत जुलैच्या अखेरीस सुरुवात झाली, तीही हायकोर्टात दाद मागितल्यावर. त्या आठवड्यात इकडे महाडला पुराचा चिखल उपसणं चाललं होतं. तळियेची दरड कोसळून दहा दिवससुद्धा झाले नव्हते.

तुडीलसारख्या गावात वृद्धाश्रम कुठला? मुलगा-सून मुंबईला, घरात एकटी म्हातारी, शेजारीण भाकरी देऊन जाते. तेच आपलं शुश्रूषाकेंद्र, म्हणून ही गोष्ट आपली आहे. साथीत अशा घराचं दार बंद करून टाकणं सोपं असतं. नेदरलँड्समध्ये मे २०२० मध्ये २६ वृद्धनिवासांत काळजी घेऊन भेटीगाठी पुन्हा सुरू करून पाहिल्या, तर त्यातून लागण पसरली नाही. उलट घरचं माणूस दिसल्याने वृद्धांना बरं वाटलं.

पुढच्या वेळी कुणी तपासणीचा किंवा चाचणीचा कागद घेऊन दारात आलं, तर नियम ठाऊक असू द्या. औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा की नाही, हे त्या म्हातारीला तिच्या भाषेत समजावूनच विचारावं लागतं. नाही म्हटलं म्हणून तिचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. मधेच सोडायची मोकळीकही तिला असते. आणि तिला वाचता येत नसेल, तर अंगठा घेताना साक्षीदार लागतो. तो चाचणी करणाऱ्यांचा माणूस चालत नाही. वाचता येणारी शेजारीण चालते.